सरकारच्या कानाखाली

मी तोंडाची फटकळ आहे, हे आधीच सांगून टाकते. अर्धं आयुष्य लाल गाडीत कंडक्टरकी करण्यात गेलं. दारात लोंबकळणाऱ्या कॉलेजच्या पोरांना "आत सरका नाहीतर खाली उतरा, मधे वटवाघळं नकोत मला" असं दिवसभर ओरडणारी बाई घरी येऊन गोड बोलायला लागत नाही. घरी तसंही बोलायला कुणी नाही. नवरा याच डेपोत ड्रायव्हर होता. तो गेला आणि त्याच्या जागी मला नोकरी लागली. मुलगी लातूरकडे दिलीय. रविवारी तिचा फोन येतो, "आई, गोळी घेतलीस का?" आणि मागे कुकरची शिट्टी झाली की तिचं लक्ष उडतं. मी समजून घेते. न घेऊन करते काय?

पनवेलला माझी भाड्याची खोली आहे. शेजारी चांगले आहेत, म्हणजे दार लावून असतात. एका माणसाचा स्वयंपाक करणं ही काय चीज आहे ते ज्यानं केलंय त्यालाच कळेल. मूठभर तांदूळ, वाटीभर डाळ, आणि फोडणी घातली की आपल्यालाच ठसका. ताट वाढून घेतलं की टीव्ही लावायचा, कुणीतरी बोलत असावं म्हणून. बातम्यांत भांडणं चाललेली असतात, तीही चालतात.

तर माझी खरी सकाळ गाडीत व्हायची. पहाटे पनवेलहून निघून करंज्याला जायचं आणि तिथून कोळणींना घेऊन परत पनवेल, अशी माझी फेरी. करंजा हे उरणजवळचं मासेमारीचं बंदर. मचव्यांतून मासळी उतरते, तिथल्या तिथे लिलाव होतो, कोळणी टोपल्या भरतात आणि पनवेलच्या बाजारात विकायला आणतात. आता लिलाव काही घड्याळ बघून संपत नाही. गाडी मात्र वेळेवर सोडावी लागते. त्यामुळे चार-पाच बायका हमखास मागे राहायच्या. मग बंदरावरून वर येणारी वाट जिथं डांबरी रस्त्याला मिळते, त्या वळणावर त्या टोपल्या मांडून उभ्या असायच्या. तिथं थांबा नाही. पाटी नाही, शेड नाही, कागदावर काहीसुद्धा नाही. पण ही फेरी माझ्या हाती देताना आधीचा कंडक्टर तिकिटांबद्दल एक अक्षर बोलला नव्हता. म्हणाला, "बाई, वळणावर एक घंटा मारायची. विसरू नका." त्याला त्याच्या आधीच्यानं सांगितलं होतं. एक घंटा म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. एवढ्यावर ते सगळं चाललं होतं, आणि कुणाचं काही बिघडलं नव्हतं.

त्या वळणावरच्या बायकांत सगळ्यात शेवटी चढायची ती माझी कोळीण. माझी म्हणजे, मी तिला कधी मैत्रीण म्हटलं नव्हतं. असले शब्द आमच्या तोंडी नाहीत. सुरुवातीला मी तिला मावशी म्हणाले तर खेकसली, "मी तुजी मावशी कशी गो? माजं केस पिकलं म्हंजे मी म्हातारी झालू काय?" तेव्हापासून नुसतं "अगं" आणि "गो". ती मागच्या लांब बाकड्यावर बसायची, टोपलीखाली प्लॅस्टिक अंथरायची, आणि मी रोज ओरडायचे, "पाणी गळतंय बघ, गाडी काय तुझ्या बापाची आहे?" ती म्हणायची, "माजे बापाची असती तं तुला ठेवली असती काय?" सगळी गाडी हसायची. उलव्याला कामावर जाणारे प्लंबर, सुतारसुद्धा हसायचे. त्यांना निम्मं कळायचं नाही, तरी.

तिकिटं फाडून झाली, म्हणजे आता मशीनमधून काढून झाली, की मी तिच्याशेजारी टेकायचे. मग तिचा रोजचा प्रश्न, "काल जेवाला काय केला व्हतास?" मी म्हणायचे, आमटीभात. ती म्हणायची, "घाटीन ती घाटीनच." आणि पनवेलला उतरताना माझ्या पिशवीत काहीतरी टाकायची, मांदेली, कधी कोलीम. पहिल्यांदा ओले बोंबील दिले तेव्हा मी ते सरळ तव्यावर टाकले. अहो, त्यांना आधी दाबून ठेवून पाणी काढायचं असतं, हे आम्हा घाटावरच्यांना कोण सांगणार! सगळ्याचा लगदा झाला. दुसऱ्या दिवशी तिला सांगितलं, तर तिनं अख्ख्या गाडीला सांगितलं. महिनाभर बायका मला "खीर केलीस काय गो बोंबलाची?" म्हणून विचारत होत्या.

एक सांगते. रात्री जेवताना मी तिला उद्या काय सांगायचं याचा विचार करून भाजी करायचे. नुसता आमटीभात सांगायची लाज वाटायची. त्या एका प्रश्नासाठी मी वांग्याला मसाला भरत होते. आता हसायला येतं, पण खरं आहे.

तिचा एकच मुलगा. त्याला मी हाफ तिकिटापासून ओळखते. दप्तर पाठीला, नाक शर्टाला. मोठा झाला, मालवाहू बोटींवर खलाशी व्हायचं म्हणून शिकून आला. आईनं गळ्यातलं मोडून त्याला शिकवलं. कंपनीचं बोलावणं आलं होतं. पासपोर्टचं आणि पोलिसांच्या दाखल्याचं तेवढं राहिलं होतं. ती रोज सांगायची, "माजा पोर दुबयवरून तुला चाकलेटा आनील." तोवर तो तिच्या टोपल्या मोटरसायकलवरून बंदरापासून वळणापर्यंत आणून द्यायचा, आणि गाडी आली की मला मान हलवून परत जायचा. पुढचं सगळं ज्याच्यामुळे झालं ते हेच पोर.

त्या दिवशी करंज्यालाच गाडीत चेकर चढला. चेकर म्हणजे आमचा तिकीट तपासनीस. तो पुढच्या सीटवर बसला, माझ्या अगदी पुढ्यात. वळण जवळ आलं आणि माझा हात सवयीनं दोरीवर गेला. ड्रायव्हरनंही सवयीनं वेग कमी केला. चेकर वळून म्हणाला, "इथं स्टॉप आहे का, बाई?"

"नाही, साहेब."

"मग?"

मग काय? नोकरी. मी दोन घंटा मारल्या. ती रस्त्याच्या कडेला उभी होती, टोपल्या खाली, हात अर्धा वर. गाडी जवळून गेली तेव्हा तिनं मला बघितलं आणि मी तिला. मी खुणेनं चेकरकडे बोट केलं, पण तो काही तिला, की मागे मोटरसायकलवर टेकलेल्या पोराला, दिसला नसणार. टोपल्यांत मासळी, वर उन्हाचा दिवस, आणि पुढची गाडी केव्हा येईल ते देवाला ठाऊक. पण मी करायचं काय होतं, मला कुणी सांगा.

गव्हाण फाट्याच्या अलीकडे, जिथं डंपरांनी रस्त्याची चाळण केलीय, तिथं मोटरसायकल पुढे येऊन आडवी झाली. पोरगा गाडीत चढला. डोळे लाल. "माजे आयशीला टाकून आलीस? एवडी मस्ती चडली?" म्हणाला आणि मी तोंड उघडायच्या आत माझ्या कानाखाली मारली. डाव्या. कसला आवाज झाला म्हणता! मग गळ्यातल्या मशीनचा पट्टा धरून हिसका दिला. मशीन पायरीवरून खाली रस्त्यावर आपटलं आणि फुटलं. मी बारला धरून उभी. एवढं झाल्यावर लोकांनी मोबाइल वर केले. चेकर ड्रायव्हरच्या केबिनला पाठ लावून उभा होता. पोरानं आधी मशीनकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि त्याचा चेहरा एकदम उतरला, हाफ तिकिटाएवढा झाला. उतरला आणि गेला.

चेकरला तेव्हा वाचा फुटली. "गाडी पोलीस ठाण्यावर घ्या." आमच्यात ही रीतच आहे. कुणी अंगावर हात टाकला की गाडी सरळ ठाण्याच्या दारात, आतल्या सगळ्या माणसांसकट. लोक वैतागले. कुणाला कामावर जायचं होतं, एकीची परीक्षा होती. "बाई, मिटवा ना, कुठं लफड्यात पडता?" मघाशी मोबाइल वर करणारेच हे म्हणत होते.

ठाण्यात हवालदार म्हणाला, "कलम तीनशे त्रेपन्न." साहेब म्हणाले, "ते जुनं. आता एकशे बत्तीस लिही." हवालदार म्हणाला, "हो, तेच ते." तेव्हा मला समजलं की मी लोकसेवक आहे. इतकी वर्षं लोक मला "ए बाई" म्हणायचे, "ओ मॅडम, सुट्टे द्या" म्हणायचे, आणि त्या दिवशी कानाखाली बसल्यावर एकदम लोकसेवक! सेवकाला कामावर असताना मारलं म्हणजे सरकारी कामात अडथळा, म्हणजे सरकारवर हात. जामीनसुद्धा ठाण्यात मिळत नाही, कोर्टातच जावं लागतं. मशीन कितीचं, कुणाचं, पंचनामा कसा करायचा, यावर बराच वेळ बोलणं झालं. मला दवाखान्यात पाठवलं. डॉक्टरनं टॉर्चनं गाल बघितला आणि बाहेरून जखम नाही असं लिहून दिलं.

तक्रारीत हवालदारानं लिहिलं की विनाकारण गाडी अडवून. मी म्हणाले, "विनाकारण नाही हो. आम्ही तिथं रोज थांबायचो." चेकरनं मला बाजूला घेतलं. "बाई, थांबा नसलेल्या जागी गाडी थांबवत होता असं लिहून दिलंत तर तुमच्यावरच येईल." मी साहेबांकडे बघितलं. ते म्हणाले, "कारण असलं म्हणून मारायचं असतं का?" तेही खरंच. माझं डोकं बधिर झालं होतं. मी सही केली.

दुसऱ्या दिवशी डेपोत माझ्यासाठी गाड्या उभ्या राहिल्या. गेटवर सभा झाली. युनियनचे पुढारी म्हणाले, "आमच्या भगिनीवर पडलेला हात आम्ही खपवून घेणार नाही." भगिनीला मधे उभं करून फोटो काढला, तो पेपरात आला. दुपारी गाड्या सुटल्या आणि भगिनी जी एकदा मागे राहिली ती राहिलीच. करंज्याकडे पाठवलं तर पुन्हा काही होईल, म्हणून मला चौकशीच्या खिडकीत बसवलं. काचेपलीकडून लोक विचारतात, पेणला कधी, अलिबागला कधी, आणि उत्तर ऐकायच्या आत वळतात. कॅंटीनमध्ये मी बसले की टेबल रिकामं व्हायला लागलं. कुणाच्या मनात वाईट नव्हतं. पण माझ्याशी बोललं की साक्षीला बोलावतील, अशी प्रत्येकाला भीती. देवीच्या साथीतल्या घराला घालावा तसा मला सगळे वळसा घालून जायचे.

पोराला अटक झाली, दोन-तीन दिवसांनी जामीन मिळाला. आणि पासपोर्टचं घोडं अडलं. गुन्हा दाखल आहे म्हटल्यावर पोलीस दाखला कसा देणार? बोटीच्या कंपनीनं थोडे दिवस वाट बघितली, मग तेही गप्प झाले. हे मला बाजारातल्या एका बाईकडून समजलं.

कारण मी बाजारात जात होते. सुट्टीच्या दिवशी उरण नाक्यावर मासळीबाजारात जायचं आणि तिच्यासमोर पिशवी धरून उभं राहायचं. ती माझ्या खांद्यावरून पलीकडच्या गिऱ्हाइकाला हाक मारायची. मी म्हणायचे, "दे गं एक वाटा." ती सुरी घासत राहायची. शेजारची म्हणायची, "संपली मच्ची." समोर हलव्याचा ढीग. मी तशीच परत यायचे आणि वाटेत मेथी घ्यायचे. मेथी निवडताना मला कधीकधी इतका राग यायचा की देठंसुद्धा भाजीत जायची. अगं, मार मी खाल्ला, आणि तोंड तू फिरवतेस?

एकदा मात्र ती आली. खोलीवर. एकटीच, हातात सुरमई, पानात बांधलेली. मला वाटलं, सुटले. चहा टाकला. ती खाटेवर बसली नाही, खाली बसली, आणि म्हणाली, "ती केस मांगं घे. पोराचा आयुष्य जाल."

मी म्हणाले, "घेते." क्षणाचाही विचार केला नाही. पोरानं माझ्यावर हात टाकला याचा राग होता, अजून आहे. पण त्याचं जहाज बुडावं असा नव्हता.

दुसऱ्याच दिवशी रजा टाकून ठाण्यात गेले. साहेब बदलून गेले होते. नवे साहेब म्हणाले, "बाई, केस तुमची नाही. सरकारची आहे. तुम्ही साक्षीदार." मी म्हणाले, "मार मला बसला ना?" ते म्हणाले, "बसला तुम्हाला, पण लागला सरकारला." चांगले होते, चहा पाजला. वकिलाकडे गेले, तोही तेच म्हणाला. नवराबायकोची भांडणं मिटतात, भाऊबंदकी मिटते, हे कलम आपसांत मिटवता येत नाही. मुंबईला हायकोर्टात दोघांनी मिळून अर्ज करता येतो म्हणे, पण सरकारी माणसावरचा हात म्हटला की तिथंही सहजी ऐकत नाहीत. शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. मी कुठं चढले होते? मला गाडीसकट नेऊन उतरवलं होतं.

हे सगळं मी तिला बाजारात जाऊन सांगितलं. ती ऐकत होती. मग म्हणाली, "तुजी तक्रार, आनी तुलाच मांगं घेता येत नाय?" "नाही गं." "बरा," म्हणाली, आणि पुढच्या गिऱ्हाइकाला पापलेट दाखवायला लागली. तिचा विश्वास बसला नाही, हे दिसत होतं. माझाच कुठं बसला होता! पुढे एका माणसाबरोबर तिनं निरोप पाठवला, की मागे घेता येत नसेल तर नको घेऊ, कोर्टात एवढंच सांग की ओळखला नाही. मारणारा हाच का, हे सांगता येत नाही. बस्स. पोर सुटेल.

साक्षीची तारीख लागली, पुढे गेली, परत लागली. तेवढ्या दिवसांत माझी झोप उडाली. ओळखलं नाही म्हणायचं. सोपं होतं. लोक म्हणतात. आमच्या ड्रायव्हरनं काय केलं? त्याची साक्ष माझ्या आधी झाली. "मी पुढे रस्ता बघत होतो, मला मागचं काही दिसलं नाही." गाडी उभी होती, बरं का! उभ्या गाडीत हा रस्ता बघत होता. मी त्याच्यावर चिडले नाही. त्याला दोन लहान मुलं आहेत आणि त्याच रस्त्यानं रोज जायचंय. पण मला जमेना. एकटी खोलीत बोलून बघायचे, "नाही, साहेब, ओळखत नाही," आणि जीभ टाळ्याला चिकटायची. तोंडाचा एवढा पट्टा सैल असलेली बाई, आणि एवढं वाक्य येईना. बरं, खरं बोलले तर ती कायमची गेली. इकडे आड, तिकडे विहीर. तिसरीकडे चौकशीची खिडकी.

साक्षीच्या दिवशी ती कोर्टात शेवटच्या बाकावर बसली होती, धुवट लुगडं, डोक्यात अबोलीचा गजरा. सरकारी वकिलांनी विचारलं, मी सांगितलं. मारणारा इथं आहे का? आहे. कोण? हा. पोरगा खाली बघत होता. मग त्याचे वकील उठले. "त्या वळणावर तुम्ही रोज गाडी थांबवत होतात, हे खरं का?" सरकारी वकिलांनी मला सकाळीच बजावलं होतं, तिथं थांबा नव्हता एवढंच बोला म्हणून. मी म्हणाले, "खरं आहे. रोज. एक घंटा मारून. आणि माझ्या आधीचेही थांबवत होते." सरकारी वकिलांनी कपाळाला हात लावला. पुढे त्यावरून मला डेपोतून मेमो आला, आला तर आला.

निकाल नंतर लागला. पोरगा दोषी ठरला. पण पहिलाच गुन्हा, वय लहान आणि बाईंनी थांब्याचं कबूल केलेलं, असं सगळं बघून चांगल्या वागणुकीच्या हमीवर त्याला सोडलं, तुरुंगात पाठवलं नाही. बोटीचं गेलं ते गेलंच. आता तो उलव्याकडे कुणाच्या तरी बांधकामावर माल मोजायला असतो. कोळीण मला बाजारात वाटा देते, पैसे घेते. घरी येत नाही, मी जात नाही. काल काय जेवलीस, हे तिनं परत विचारलं नाही. मीही आमटीभातावर आले.

पण साक्ष झाली त्या दिवशीचं सांगायचं राहिलं. मी कोर्टाच्या आवारात झेरॉक्सवाल्याच्या शेजारी कट्ट्यावर बसले होते. ती बाहेर आली, मला वाटलं निघून जाईल. ती आली आणि माझ्या डाव्या बाजूला बसली. मग म्हणाली, "थांबत व्हतीस ता सांगलास. बरा केलास." मी मान हलवली. "मंग ता दुसरा कशाला सांगलास? मारल्याचा?"

"मग काय सांगायचं होतं?"

"खरा सांगायचा व्हता. यो मारला नाय, मशीन खेचली निस्ती. मारला नाय तं कलम बसत नाय, म्हनून त्या चेकरनी तुला बोलाया लावला. गाडीतल्या बायांना इचारलाय, मारताना कोनी बगला नाय. मना सगला ठाव हाय."

म्हणजे हे सगळे दिवस, बाजारात, खोलीवर, सुरमई घेऊन आली तेव्हासुद्धा, ती मला खोटारडी समजत होती. मार खरा की खोटा, हे आमच्यात कधी निघालंच नव्हतं. मी धरून चालले होते की तिला माहीत आहे. मला असा संताप आला. म्हणाले, "मारलं गं त्यानं! या हातानं, या इथं, सगळ्या गाडीसमोर! शपथेवर सांगितलं ना आत? तुला मी अशी वाटले?"

ती जमिनीकडे बघत काहीतरी पुटपुटली. मला ऐकू आलं नाही. "काय?" मी म्हणाले. ती पुन्हा बोलली. मी मान वळवून उजवा कान तिच्याकडे केला, "काय म्हणालीस?"

डाव्या कानानं त्या दिवसापासून मला कमीच ऐकू येतं. हे मी मुलीला सांगितलं नव्हतं, कोर्टाला सांगितलं नव्हतं. विचारलं नव्हतं कुणी.

तिनं वर बघितलं. माझ्याकडे, मग त्या कानाकडे. उठली, माझ्या पुढून वळून उजव्या बाजूला येऊन बसली, आणि स्पष्ट म्हणाली, "माजे डोक्यावर हात ठेवून बोलला व्हता. बोलला, आये, मी कंडक्टरबायला हात नाय लावला."

झेरॉक्सचं मशीन चालू होतं. मला तिच्या चेहऱ्याकडे बघवेना. तिच्याकडे आता काय उरलं होतं? बोट गेली होती. एवढं एक होतं की पोर आईच्या डोक्यावर हात ठेवून खोटं बोलणार नाही, तेही मी आत्ता घेतलं. आत, शपथेवर, मला खोटं बोलता आलं नव्हतं. इथं कुणी शपथ घातली नव्हती.

"जोरात नाही गं लागलं," मी म्हणाले. "नुसता हात लागला. त्याला कळलंसुद्धा नसेल. कानाचं काय, माझं वयच झालंय आता."

तिनं माझ्या कानावर हात ठेवला. हाताला मासळीचा वास होता.

"आता खोटा बोलतंस," ती म्हणाली, आणि रडायला लागली.